'टेन्शन घेऊ नका' हे औषध नव्हे

मराठीत येऊन मुरलेल्या इंग्रजी शब्दांत 'टेन्शन' या शब्दाइतका घरोघर पोहोचलेला शब्द क्वचितच दुसरा असेल. आडतीवरचा हमाल हा शब्द वापरतो, कॉलेजातले प्राध्यापक वापरतात, सत्तरीतली आजी 'नातीच्या बाळंतपणाचं टेन्शन हाय बघा' असे म्हणते आणि पाचवीतला मुलगाही गणिताच्या पेपरचे टेन्शन आल्याचे सांगतो. शब्द जितका सार्वत्रिक, तितकेच त्यावरचे उत्तरही सार्वत्रिक. 'टेन्शन घेऊ नका.' शेजारी हेच सांगतात, पाहुणे हेच सांगतात, कार्यालयातले साहेबही हेच सांगतात. खेदाने म्हणावे लागते की, पुष्कळ दवाखान्यांत औषधाच्या चिठ्ठीबरोबर हेच वाक्य फुकट मिळते.

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. पण वाक्याचा अर्थ जरा पाहा. ताण ही जणू बाजारात मांडलेली वस्तू आहे आणि आपण ती हौसेने विकत घेतली, असे त्यातून सुचवले जाते. ऐकणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली ही की दोष आपलाच आहे, आणि दुसरी ही की समोरच्याला पुढे काही ऐकायचे नाही. मग तो 'बरं' म्हणून गप्प बसतो. ज्या एका गोष्टीने त्याला थोडा आराम पडला असता, ती म्हणजे बोलणे, तीच नेमकी बंद होते.

वाचकहो, आजच्या लेखात माझे म्हणणे एवढेच आहे. रोजचा ताण 'न घेण्याने' जात नाही. तो मोजावा लागतो, वाटून घ्यावा लागतो, आणि ज्याचे मूळ आपल्या मनाबाहेर आहे, त्याचे मूळ बाहेरच शोधावे लागते.

शरीराला वाघ आणि वसुली सारखीच

ताण आला की शरीरात काय होते, हे आधी समजून घेऊ. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली भीती आणि राग यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. संकट समोर दिसताच प्राणी एकतर लढायला किंवा पळायला सज्ज होतो. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास जलद होतो, रक्तात साखर वाढते. पचनाचे काम मात्र तात्पुरते मागे पडते. म्हणूनच घाबरल्यावर तोंडाला कोरड पडते आणि पोटात गोळा येतो. पुढे १९३६ साली मॉन्ट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, त्रास थंडीचा असो, जखमेचा असो की विषाचा, तो लांबला तर शरीर ठरावीक पद्धतीनेच झिजते. अधिवृक्क ग्रंथी सुजतात, रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसतात आणि जठराला व्रण पडतात.

निसर्गाने ही व्यवस्था वाघासाठी केली. वाघ पाच मिनिटांत एकतर खातो किंवा निघून जातो. आपल्या आयुष्यात आता वाघ राहिला नाही. पण बँकेची नोटीस, वरिष्ठांचा फोन, निकालाची तारीख आणि घरातला अबोला यांना शरीर वाघच समजते. फरक एवढाच, की हा वाघ पाच मिनिटांत जात नाही. तो महिनोन्‌महिने उंबऱ्यावर बसून राहतो आणि शरीर तेवढे दिवस कंबर कसून उभे राहते.

म्हणजे ताण मुळातच वाईट, असे मात्र नाही. बाजेची दोरी सैल पडली तर त्या बाजेवर धड झोपता येत नाही, आणि फार ओढली तर दोरी तुटते. खळ्यावर सोयाबीनची रास पडली आहे, आभाळ भरून आले आहे आणि घरातली लहानथोर मंडळी ताडपत्री घेऊन धावत आहेत, हासुद्धा ताणच आहे. पण रास झाकली जाते, चहा होतो आणि त्या रात्री सगळ्यांना गाढ झोप लागते. या ताणाला सुरुवात होती, शेवट होता आणि करण्यासारखे काही हातात होते. घातक असतो तो ज्याला शेवट दिसत नाही आणि ज्यात आपल्या हाती काही नाही असे वाटते, तो ताण.

मोठे संकट आणि बारीक किरकिर

आपल्या लातूर जिल्ह्याला मोठी संकटे नवी नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आठवणारे लोक आजही गावोगाव आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तर तरुणांनीही पाहिले आहे. अशा प्रसंगी एक गोष्ट घडते. दुःख सर्वांचे असते, म्हणून ते उघड बोलता येते. भूकंपानंतर माणसे उघड्यावर एकत्र झोपत, एकत्र रडत. पाण्याच्या टंचाईत 'तुमच्याकडे टँकर आला का?' हा प्रश्न रस्त्यावर कुणीही कुणालाही विचारी. त्या ताणाला 'टेन्शन घेऊ नका' असे कोणी म्हणाले नाही.

रोजच्या ताणाचे तसे नाही. त्याला ना पंचनामा, ना मदत, ना सांत्वनाला येणारी माणसे. मुलीची शिकवणीची फी, सासूबाईंच्या गोळ्या, नळाला पाणी येण्याची वेळ, दुचाकीचा हप्ता, शेजाऱ्याशी बांधावरून चाललेली धुसफूस, रात्रीच्या पाळीत येणारी शेतीपंपाची वीज, उशिरा येणारी एस.टी. यांतले एकेक घेतले तर सांगायलाही संकोच वाटावा इतके लहान. म्हणून माणूस सांगत नाही आणि ते एकावर एक साठत जाते.

शास्त्रज्ञांचेही लक्ष आधी मोठ्या घटनांकडेच गेले. होम्स आणि राहे या दोघांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि लग्नाला ५०! लग्नासारख्या आनंदाच्या घटनेचाही ताण असतो, हे त्यांनी नोंदवले. लग्नघरच्या वधूपित्याला हे पटवून देण्याची गरज नाही. पुढे १९८१ साली रिचर्ड लाझारस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दैनंदिन कटकटींची वेगळी यादी करून मध्यमवयीन स्त्रीपुरुषांचा काही महिने अभ्यास केला. तेव्हा असे दिसले की, माणसाच्या मनःस्वास्थ्याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या बारीकसारीक कटकटींवरूनच अधिक चांगला बांधता येतो. आपल्या आयाबायांनी हे कधीच ओळखले होते. डोंगर चढताना माणूस दमत नाही, चपलेतला खडा त्याला दमवतो.

दवाखान्यात तो वेगळ्याच नावाने येतो

मला ताण आहे, असे सांगत दवाखान्यात येणारे रुग्ण थोडे. हा ताण गॅसच्या नावाने येतो, पित्ताच्या नावाने येतो. मान आखडणे, डोके गच्च होणे, हातापायांना मुंग्या, छातीत धडधड, जेवण न जाणे, रात्री दोनला जाग येऊन पहाटेपर्यंत छताकडे पाहत राहणे, ही त्याची नावे. 'अंगात ताकदच राहिली नाही, एक सलाईन लावा' ही मागणीही पुष्कळदा त्याचीच असते. सलाईन म्हणजे मुख्यत्वे मीठपाणी किंवा साखरपाणी. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल तर ते जीव वाचवते. काळजीने थकलेल्या माणसाला त्यातून ताकद मिळत नाही. तरीही त्याला बरे वाटते, कारण तासभर तो निवांत पडून असतो, कोणी त्याला काम सांगत नाही आणि घरचे माणूस उशाशी बसलेले असते. खरे औषध ते असते. त्यासाठी सुई टोचून घेण्याची गरज नव्हती.

ताणाचा शरीरावरील परिणाम हा मनाचा खेळ नव्हे. १९९१ साली शेल्डन कोहेन यांच्या पथकाने ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू असलेले थेंब घातले. ज्यांच्या मनावर ताण अधिक होता, त्यांच्यात सर्दी होण्याचे प्रमाण अधिक निघाले. १९९५ सालचा दुसरा अभ्यास तर प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच लहानशी जखम करण्यात आली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे वर्षानुवर्षे सारे करणाऱ्या सुनेचे स्वतःचे दुखणे लवकर बरे का होत नाही, याचे एक कारण इथे आहे.

मात्र एक सावधगिरीचा इशारा याच जागी द्यायला हवा. प्रत्येक तक्रार ताणावर ढकलणे हीसुद्धा चूकच. जठराचा व्रण काळजीने होतो, असे कित्येक वर्षे मानले जाई. ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, बहुसंख्य व्रणांमागे एक जिवाणू असतो आणि तो प्रतिजैविकांनी बरा होतो. त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. थकव्यामागे रक्तक्षय असू शकतो, धडधडीमागे थायरॉइडचा विकार असू शकतो, मुंग्यांमागे मधुमेह असू शकतो. छातीत दाब येऊन घाम सुटला तर ते टेन्शन समजून घरी बसणे जिवावर बेतू शकते. बायकांच्या दुखण्याबाबत तर 'तिला टेन्शनच फार' असे म्हणून तपासणी टाळण्याची वाईट सवय घरांनाही आहे आणि काही दवाखान्यांनाही. आधी तपासणी करून घ्यावी, मग ताणाचा विचार करावा.

उद्या सकाळची कसोटी

ताण आला की प्रत्येक माणूस काहीतरी उपाय करतोच. लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ साली या उपायांचे दोन गट सांगितले. एका गटात अडचणीवरच इलाज करायचा. दुसऱ्या गटात अडचण तशीच ठेवून मनाची तगमग कमी करायची. दोन्हींची गरज असते. आईला दुर्धर आजार असेल तर तो आपण बरा करू शकत नाही, तिथे मनाला सावरणे हाच उपाय. पण गोठ्याला आग लागली असताना नुसते नामस्मरण करून भागत नाही, पाणी ओतावे लागते. आपली गल्लत होते ती इथेच.

कोणता उपाय चांगला, हे ओळखण्यासाठी मी एक साधी कसोटी सुचवतो. हा उपाय केल्यावर उद्या सकाळी अडचण आजच्यापेक्षा लहान झालेली असेल, तेवढीच असेल, की मोठी?

तंबाखूचे उदाहरण घेऊ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते; त्यात बहुतांश खाणारे आणि मिश्री लावणारे. 'मळून तोंडात टाकली की डोकं शांत होतं' असे प्रत्येक जण सांगतो, आणि ते खोटेही नाही. पण ती शांतता कशाची? शेवटच्या चिमटीचे निकोटिन उतरू लागल्याने जी बेचैनी आली होती, ती नव्या चिमटीने थांबते. म्हणजे तंबाखू आधी आग लावते आणि मग तीच विझवल्याचे श्रेय घेते. तंबाखू सोडलेल्यांची चिंता आणि ताण काही आठवड्यांनी कमी झालेला आढळतो, वाढलेला नव्हे. दारूचेही तसेच. तिने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती झोप मोडते. सकाळी डोके जड, खिसा हलका आणि घरात भांडण. कसोटीला ती उतरत नाही. दिवसाला आठ-दहा कप चहा आणि रात्री बारापर्यंत मोबाइल हेही त्याच वर्गातले, फक्त कमी बदनाम.

आणखी एक उपाय घराघरांत चालतो, पण त्याला कोणी उपाय म्हणत नाही. वरिष्ठांचा राग बायकोवर, बायकोचा मुलावर आणि मुलाचा दप्तरावर! ताण असा वरून खाली उतरत जातो आणि ज्याच्या खाली कोणी नाही, तो मुकाट्याने सोसतो. उलट भजनाला जाणे, पारावर बसून गप्पा मारणे, शेतातल्या कामात स्वतःला गुंतवणे, मैत्रिणींबरोबर बाजारहाट करणे, या गोष्टींना 'वेळ घालवणे' म्हणून हिणवू नये. त्यांनी अडचण सुटत नाही, पण मोठीही होत नाही, आणि तिला तोंड देणारा माणूस ताजा होतो.

आधी कागद घ्या

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे एक वहीचा कागद आणि पेन. मनात घोळणारी प्रत्येक काळजी, लहान असो वा मोठी, एकेका ओळीत लिहावी. डोक्यात शंभर वाटणाऱ्या काळज्या कागदावर बहुधा सात-आठच निघतात. मग प्रत्येकीपुढे लिहावे: 'हातात आहे' की 'हातात नाही'.

समजा, एका शेतकऱ्याच्या यादीत पाऊस, सोयाबीनचा भाव, सोसायटीचे कर्ज आणि आईचा मोतीबिंदू अशा चार गोष्टी आहेत. पाऊस हातात नाही. पण पीकविम्याचा अर्ज वेळेत भरणे हातात आहे. भाव हातात नाही. पण सगळा माल एकाच दिवशी विकायचा की थोडा थांबवायचा, बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज मिळते का, याची चौकशी करणे हातात आहे. कर्ज एका दिवसात फिटणार नाही. पण नोटिशीला घाबरून तोंड लपवण्यापेक्षा व्यवस्थापकासमोर बसून हप्त्यांची पुनर्रचना होते का, हे विचारणे हातात आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. तिथे फक्त तारीख घ्यायची आहे. चार डोंगरांपैकी एक तर टेकाडही नव्हते, असे लक्षात येते.

हातात काहीतरी आहे, या जाणिवेची किंमत फार मोठी आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी जे वाइस या शास्त्रज्ञाने उंदरांच्या जोड्यांना सारखेच विजेचे झटके दिले. जोडीतल्या एकाला चाक फिरवून झटका थांबवता येई, दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हते. झटके दोघांना तितकेच बसले. पण ज्याला चाक फिरवता येत होते, त्याच्या जठरात व्रण खूपच कमी झाले. कागदावरची यादी म्हणजे आपले चाक शोधण्याचा प्रयत्न होय.

झोप लागत नसेल त्यांनीही हा प्रयोग करावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. कागदावर उतरलेले काम मनाला रात्रभर धरून ठेवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. शरीर लढायला किंवा पळायला तयार झाले आहे आणि आपण खुर्चीत बसून आहोत, ही विसंगती आहे. म्हणून रोज अर्धा तास भरभर चालावे. त्यासाठी बूट, मैदान किंवा वर्गणी लागत नाही. ज्यांचे दिवसभर अंगमेहनतीचे काम आहे, त्यांना चालण्यापेक्षा विश्रांतीची गरज अधिक. राग किंवा धडधड वाढली की मनात चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा; पाच मिनिटांत ठोके खाली येऊ लागतात. चार वाजल्यानंतर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही रक्तात असतो.

सांगा, आणि ऐकूनही घ्या

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अवघड. ती म्हणजे सांगणे. सहन होत नाही आणि सांगताही येत नाही, अशी आपल्यापैकी अनेकांची अवस्था असते. पुरुषाने रडू नये, बाईने घरातले बाहेर सांगू नये, मुलाने उलट बोलू नये, असे संस्कार आपण करतो आणि मग तिघेही आतल्या आत कुढतात. सांगायला विश्वासाचे एक माणूस पुरते. तेही नसेल तर वहीला सांगावे. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे मनातले सर्वांत सलणारे लिहायला लावले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांच्या तुलनेत कमी झाल्या. लिहिलेले कोणाला दाखवण्याचीही गरज नाही. फाडून टाकले तरी चालेल.

ऐकणाऱ्यासाठी नियम सोपे आहेत. मध्ये बोलू नये. 'त्यात काय एवढं' म्हणू नये. 'आमच्या वेळी तर' अशी सुरुवात करू नये. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. 'मग पुढं काय झालं?' आणि 'मी काय करू शकतो?' या दोन प्रश्नांवर बरेच काम होते. शिकवणीसाठी गाव सोडून शहरात खोली घेऊन राहिलेल्या मुलामुलींच्या पालकांनी तर हे जरूर करावे. रोजच्या फोनवर 'टेस्टमध्ये किती मार्क पडले?' याआधी 'आज काय जेवलास? झोप झाली का?' हे विचारले, तर मुलाला कळते की आपण घरच्यांना गुणपत्रिकेशिवायही हवे आहोत.

चौथी गोष्ट वाटून घेण्याची. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, म्हणजे पाच तासांना एकच मिनिट कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मात्र ९७ मिनिटे. आणि पुरुषांत घरकामाला हात लावणारे मुळात सुमारे २६ टक्केच! अशा घरात बाईला ध्यानधारणा शिकवण्यापेक्षा भाजी निवडून देणे, मुलाचा अभ्यास घेणे, आजारी माणसाची एक रात्र आपण काढणे, हा अधिक शास्त्रीय उपचार आहे. लक्षात ठेवण्याचे कामही कामच असते. सिलिंडर कधी संपेल, लसीची तारीख कोणती, पाहुण्यांना काय द्यायचे, हे सारे एकाच डोक्यात असेल तर ते डोके दुखणारच.

सगळा दोष मनाचा नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते. अलीकडे ताणमुक्तीची शिबिरे जागोजाग भरतात. योगासने आणि प्राणायाम उपयुक्त आहेत, ते जरूर करावेत. पण दोन माणसांचे काम एका माणसावर टाकायचे, पगार तीन-तीन महिने अडवायचा आणि मग त्याच्यासाठी 'तणावमुक्त जीवन' या विषयावर व्याख्यान ठेवायचे, ही फसवणूक आहे. शेतकऱ्याला रात्री दोन वाजता वीज द्यायची आणि सकाळी त्याला पुरेशी झोप घेण्याचा सल्ला द्यायचा, यात सल्ल्याचा अपमान आहे. सतत गुणांची तुलना करून मुलांना घाबरवायचे आणि परीक्षेच्या आधी एक दिवस समुपदेशकाला बोलवायचे, यानेही काही साधत नाही. ज्या ताणाचे कारण बाहेर आहे, तो आतून दाबून ठेवायला शिकवणे म्हणजे आरोग्य नव्हे. तिथे चारचौघांनी मिळून मागणी करणे, अर्ज देणे, ग्रामसभेत उभे राहून बोलणे, हाही आरोग्याचाच उपाय आहे. मनाला त्याने बळ येते ते वेगळेच.

कधी थांबू नये

घरगुती उपायांना मर्यादा असते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस सतत उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप किंवा भूक पार बिघडणे, कामावर लक्ष न लागणे, दारू वाढणे, माणसांत जाणे टाळणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना भेटावे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. रक्तदाबासाठी फिजिशियनकडे जाण्याइतकेच ते साधे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयातही ही सेवा मिळते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते, आणि मराठीतून बोलता येते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

'आता जगण्यात अर्थ नाही', 'माझ्यामागं तुम्ही सुखी व्हाल' असे कोणी म्हणत असेल, किंवा अचानक हिशेब मिटवून निरोपाची भाषा करत असेल, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. बोलणारा करत नाही, हा समज अत्यंत चुकीचा आहे. त्या माणसाला सरळ विचारावे, 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' असे विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही, उलट मनावरचे ओझे उतरते. त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके कुलूपबंद करावीत किंवा दुसरीकडे हलवावीत आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

घराघरांत पुन्हा पुन्हा उच्चारले जाणारे हे एक वाक्य बदलायला पैसा लागत नाही, सरकारी आदेशही लागत नाही. यापुढे कोणी 'लई टेन्शन आलंय' असे म्हणाले, तर 'टेन्शन घेऊ नका' हे शब्द ओठांवरच थांबवावेत. खुर्ची पुढे सरकवावी, पाण्याचा तांब्या द्यावा आणि म्हणावे, 'बसा. काय झालंय, नीट सांगा बरं.'